वखारीतल्या चाळणीलाही घर हवं

कोल्हापूरहून निपाणीकडे निघालं की गोकुळ शिरगावाजवळ कणेरी मठाचा फाटा लागतो. मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींच्या पुढाकाराने 2007 साली इथे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय उभं राहिलं. लंडनच्या मादाम तुसाँच्या मेणपुतळ्यांवरून कल्पना सुचली, पण उघड्या माळावर मेण टिकणार कसं? म्हणून पुतळे सिमेंटचे झाले. आज असे तीनशेहून अधिक पुतळे इथे आहेत. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, मोट, मळणी, बारा बलुतेदार असं सगळं गाव समोर मांडलेलं आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी आणि कानडी शाळांची मुलं ते सारख्याच कुतूहलाने पाहतात.

ज्या हातांना इतिहासाच्या पुस्तकात कधी पान मिळालं नाही, त्यांचं कसब इथे सन्मानाने दिसतं. मात्र या गावात भांडण नाही, उपासमार नाही, शिवाशिव नाही. बलुतं ही जशी कसबाची व्यवस्था होती, तशी ती पिढीजात बांधिलकीही होती. एप्रिल 1925 मध्ये निपाणीत प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. पुढे 1928 मध्ये ही पिढीजात बांधिलकी मोडण्यासाठी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. संग्रहालयातल्या गावाशेजारी हा इतिहासही दिसायला हवा.

गावजीवन जपण्याची दुसरी एक रीत थायलंडमध्ये पाहायला मिळते. फित्सानुलोक शहरात सार्जंट-मेजर थवी बूरणखेत या निवृत्त लष्करी माणसाने स्वखर्चाने लोकजीवनाचं संग्रहालय उभारलं. शेतीची अवजारं, मासे आणि प्राणी पकडायचे सापळे, स्वयंपाकाची भांडी, विणलेलं कापड, जुनी छायाचित्रं असा तिथला संग्रह आहे. त्यात नारळ खवण्याची लाकडी आसनं आहेत. बैठकीवर बसायचं आणि पुढच्या दातेरी पात्यावर खोबरं किसायचं. आपल्याकडची खवणी वापरलेल्या कुणालाही ती बैठक ओळखीची वाटेल. तिथे पुतळ्यांपेक्षा वस्तू बोलतात, कारण वापराने झिजलेली मूठ खोटं सांगत नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनीही हेच केलं. दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकाची भांडी त्यांनी आयुष्यभर गोळा केली आणि दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाने उभा राहिलेला तो संग्रह 1975 मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला. अशी कामं बहुधा एकाच माणसाच्या ध्यासातून सुरू होतात.

निपाणीत असा ध्यास कुणी घेईल का? हा मुलूख तंबाखूने घडवला. वखारींत बायकांनी तंबाखू कुटला, चाळला, त्याची धूळ छातीत घेतली. घरोघरी मांडीवर सूप घेऊन त्यांनी विड्या वळल्या आणि हजारी हिशेबाने मजुरी मोजून घेतली. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथला महामार्ग अडवला. एप्रिल 1981 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. एवढा इतिहास घडला, पण त्याच्या खुणा माळ्यावर, अडगळीत, भंगारात पडून आहेत.

एखाद्या जुन्या वखारीच्या दोन खोल्या सुरुवातीला पुरतील. चाळण्या, तराजू, विडीचं पान कापायची कात्री, मजुरीच्या वह्या आणि आंदोलनाची छायाचित्रं तिथे यावीत. प्रत्येक वस्तूखाली ती वापरणाऱ्या बाईची हकिकत मराठीत आणि कानडीत लिहावी. सीमेवरचा वाद न्यायालयात चालू राहील, पण चाळणी हलवणारे हात दोन्ही भाषांत सारखेच थकले होते. तेव्हा राबलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. वस्तू आणखी काही वर्षं टिकतील, हकिकती टिकणार नाहीत. म्हणून खोली मिळेपर्यंत थांबू नये. वही आणि पेन घेऊन आधी त्यांच्या दारात जावं.