पिशवीचे मुख आणि पिठाची मर्यादा

चातुर्मासात स्वयंपाकघरातील यत्नाचार पाणी गाळण्यात जितका दिसतो, तितकाच साठवणीतही दिसावा लागतो. दमट हवेत पीठ, रवा, डाळी यांना ओल लागते आणि त्रसजीवांची उत्पत्ती होते. म्हणून अनेक घरांत डब्यांच्या जोडीला झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या आल्या आहेत. परंतु पिशवीचे मुख मिटलेले दिसले, तरी ते हवाबंद असतेच असे नाही.

या पिशवीच्या मुखाशी एका बाजूस बारीक खाच असते आणि दुसऱ्या बाजूस तीत बसणारी कड. खाचेत पिठाचे चार कण अडकले, तरी हवेला वाट मिळते. वारंवार वापराने कड झिजते. म्हणून भरण्यापूर्वी पारख करावी. रिकाम्या पिशवीत हवा भरून मुख बंद करावे व तळहाताने हलका दाब देत मिनिटभर थांबावे. पिशवी मऊ पडली, तर हवा निसटत आहे. गळतीची जागा शोधायची असल्यास फुगलेल्या पिशवीचे मुख गाळलेल्या पाण्यात बुडवून दाबावे. बुडबुडे जागा दाखवतात. कारखान्यांतही बंद पाकिटे पाण्यात ठेवून, वरची हवा ओढून घेऊन, बुडबुडेच पाहतात. घरी एक पातेले पाणी पुरते. मात्र खाच पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत काही भरू नये.

या कसोटीस उतरलेल्या पिशवीकडूनही अवाजवी अपेक्षा नको. धान्य पोखरणारे काही भुंगेरे पातळ प्लॅस्टिकही पोखरतात. तांदळातील सोंड्याची मादी तर दाण्याच्या आत अंडे घालते. ते वरून दिसत नाही. असे धान्य पिशवीत कोंडले, तर जीव आतच जन्मतात आणि आतच मरतात. मग तेच घट्ट मुख हिंसेचे निमित्त ठरते.

यास्तव शोधन आधी, पिशवी नंतर. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 व पावसाळ्यात 3 दिवस मानली आहे. चांगली पिशवी ते 3 दिवस पीठ कोरडे राखील. चौथा दिवस देण्याचा अधिकार तिला नाही. पुरेल तेवढेच दळावे, दळल्याचा दिवस पिशवीवर लिहावा आणि मुख बंद करताना खाच एकदा पुसून घ्यावी.