समाजकार्याचे विद्यापीठीय शिक्षण : सेवाभावाला शास्त्राची जोड

बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामांतील घराघरांत पुढील शिक्षणाचा विचार सुरू होतो. अभियांत्रिकी, परिचर्या, वाणिज्य, हॉटेल व्यवस्थापन ही नावे सर्वांच्या ओठी असतात. अशा वेळी एखाद्या मुलीने वा मुलाने ‘मला समाजकार्य शिकायचे आहे’ असे म्हटले, तर आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. समाजसेवा करायला पदवी कशाला हवी? आणि त्यावर पोट भरेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाच्या अनुभवातच आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी भारत सरकारने सामूहिक विकास कार्यक्रम सुरू केला. शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते असे सर्व काही त्यात होते. तरीही १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने पाहणी केली, तेव्हा गावकऱ्यांचा मनापासून सहभाग मिळालेला नाही, असे आढळून आले. योजना वरून येत होत्या आणि गाव त्या केवळ स्वीकारत होते. या समितीच्या शिफारशींतूनच पंचायत राज्य व्यवस्था पुढे आली आणि महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. तात्पर्य, निधी आणि सदिच्छा असूनही विकास होईलच असे नाही.

याच्या उलट उदाहरण अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले. ते दोघे डॉक्टर. परंतु गावकऱ्यांची पहिली गरज औषधाची नसून अन्नाची आणि पाण्याची आहे, हे त्यांनी ऐकून घेतले. पुढे गावातील अल्पशिक्षित स्त्रियांनाच त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दान देणारा गरजूच्या हाती काही ठेवतो आणि निघून जातो. समुदाय विकास करणारा मात्र आपण निघून गेल्यावरही लोकांचे काम चालू राहील अशी व्यवस्था उभी करतो. हे कौशल्य आहे, आणि कौशल्य शिकावे लागते.

या शिक्षणाची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. हीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखली जाते. १९५५ साली डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संस्थेच्या धर्मभगिनींनी मुंबईत निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय स्थापन केले. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था हे कार्य करीत आहे.

बारावीनंतर समाजकार्याची पदवी (बी.एस.डब्ल्यू.) घेता येते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.) घेता येते. टाटा संस्थेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२३ पासून सीयूईटी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, संशोधनपद्धती हे विषय असतात. परंतु या शिक्षणाचा प्राण म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातील ठरावीक दिवस विद्यार्थी वस्ती, रुग्णालय, शाळा किंवा संस्था येथे प्रत्यक्ष काम करतो, केलेल्या कामाची नोंद लिहितो आणि मार्गदर्शक शिक्षकांसमोर ती तपासून घेतो. सभा कशी बोलवावी, सभेत गप्प बसणाऱ्या स्त्रीला बोलते कसे करावे, ग्रामसभेत ठराव कसा मांडावा, हिशेब कसा ठेवावा, हे सारे त्यातून अंगी बाणते.

आता दुसरा प्रश्न. नोकऱ्या आहेत, आणि त्या केवळ स्वयंसेवी संस्थांतच आहेत असे नाही. रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक लागतात, कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक लागतात. टाटा संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू केलेल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षांतही प्रशिक्षित समाजकार्यकर्ते काम करतात. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी राखावी लागते. त्यामुळे तेथेही या पदवीधरांना वाव मिळाला आहे.

मात्र दुसरी बाजू लपवून ठेवणे योग्य होणार नाही. संस्थांतील पुष्कळशा नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. विदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने असा निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांना याची झळ बसणे अपरिहार्य होते. म्हणून नोकरी स्वीकारताना करार किती काळाचा, भविष्य निर्वाह निधी आहे काय, वेतन वेळेवर मिळते काय, हे विचारण्यात संकोच मानू नये. सेवेच्या नावाखाली कार्यकर्त्याला अपुरे वेतन देणे हाही अन्यायच आहे, आणि हे आपल्या ख्रिस्ती संस्थांनीही ध्यानी ठेवले पाहिजे.

पालकांना आमची सूचना एवढीच, की मुलाला लगेच ‘नाही’ म्हणू नका. प्रवेशापूर्वी काही आठवडे त्याला एखाद्या चांगल्या संस्थेत काम करू द्या. पावसात वस्तीत फिरताना, सरकारी कचेरीत तासन्‌तास थांबताना, लोकांचा अविश्वास सोसताना त्याचा उत्साह टिकला, तर त्याची निवड भावनेच्या भरातील नाही असे समजावे. उत्साह मावळला, तर एक वर्ष आणि शुल्क दोन्ही वाचले. दोन्ही प्रकारे त्याचे हितच होईल.