पंचवीसपैकी सात? पेढे वाटा!

परीक्षेत पंचवीसपैकी अठरा गुण पडले तर घरी काय होतं? फार काही नाही. बाबा ‘बरं’ म्हणतात आणि आई शेजारच्या पोरीला किती पडले ते विचारते. पण २०२१ च्या उन्हाळ्यात एक वेगळीच परीक्षा चालली होती. फोनवर काका दबक्या आवाजात सांगायचे, “अठरा आलाय,” आणि इकडे आजी पदर डोळ्याला लावायची. दुसऱ्या घरी “चारच आलाय” म्हटलं की सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा अंगणवाडीत असतील, म्हणून कुणी तुम्हाला हे उलटं गणित समजावून सांगितलं नसेल.

ती परीक्षा होती फुप्फुसांची. (कन्नड शाळेत जाणाऱ्यांनो, तुमच्या पुस्तकातलं श्वासकोश ते हेच.) कोरोना आपल्या बिदर-कलबुर्गी भागाला लांबची गोष्ट कधीच नव्हती. भारतातला कोरोनाचा पहिला मृत्यू नोंदला गेला तो दिल्लीचा नाही, मुंबईचा नाही, आपल्या कलबुर्गीचा, १० मार्च २०२० चा. पुढच्या वर्षी तर भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीसारख्या गावांतही ‘एचआरसीटी’ आणि ‘स्कोर’ हे शब्द तुरीच्या भावाइतके सहज तोंडी बसले. पण हे गुण देतं कोण, आणि कसे?

आधी साध्या एक्स-रेकडे जाऊ. वाटेत बिदर लागतंय, तिथं थोडं थांबू. बिदरी काम पाहिलंय ना? जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या जागी चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्यावर चोळली की भांडं काळंकुळकुळीत होतं आणि चांदी मात्र लख्ख पांढरी राहते. एक्स-रेची फिल्मही तशीच, काळ्यावर पांढरी नक्षी. तिच्यातही चांदीच असते, चांदीच्या क्षाराचे बारीक कण. पण तिथली गंमत बिदरीच्या अगदी उलटी! फिल्मवर जिथे किरण पोचतात तिथली चांदीच काळी पडते. हाडानं किरण अडवले की त्याच्या सावलीची जागा पांढरी राहते. फुप्फुसात असते हवा, आणि हवा कुणाला अडवणार? म्हणून निरोगी फुप्फुसं एक्स-रेत काळी दिसतात. आता बऱ्याच ठिकाणी फिल्म जाऊन संगणकाचा पडदा आला, पण काळ्या-पांढऱ्याची रीत तीच राहिली. जर्मनीत वुर्झबुर्गच्या विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. त्याच डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला. बोटांची हाडं दिसली, आणि बोटातली अंगठीसुद्धा.

अंगठी दिसते तर ताईतही दिसणार. म्हणूनच दवाखान्यात आधी गळ्यातलं सगळं काढायला लावतात. साखळी, ताईत, इष्टलिंगाची चांदीची डबी, काही म्हणजे काही ठेवायचं नाही, नाहीतर ऐन छातीवर पांढरा डाग उमटतो. मग छाती पाटीला टेकवून, खांदे पुढे काढून तिला मिठी मारल्यासारखं उभं राहायचं. खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकावीत म्हणून ही कसरत. आणि शेवटी हुकूम येतो, “मोठा श्वास घ्या... धरून ठेवा!” हलल्यावर फोटो बिघडतो हे तर तुम्हाला माहीतच आहे. पण दुसरंही कारण आहे. अर्धाच श्वास घेतला तर फुप्फुसं नीट फुगत नाहीत, दाटीवाटीनं बसतात आणि चांगली असूनही पांढरट दिसतात. म्हणजे आळसानं घेतलेला श्वास खोटा आजार दाखवू शकतो!

आता खरा आजार. आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून हवेचे साधारण ४८ कोटी इवलेसे फुगे असतात. विषाणू तिथवर पोचला की त्याच्याशी शरीराची लढाई जुंपते. फुग्यांच्या भिंती सुजतात, आत पाणी झिरपतं. कोरडा पाव हाताला किती हलका लागतो, आणि चहात बुडवला की कसा जड होतो, ते आठवा. असं भिजलेलं फुप्फुस जास्त किरण अडवतं, म्हणून ते पांढरं दिसतं. हवेची जागा पाण्यानं घेतली, एवढीच ती बातमी असते. फ्लू असो की कोरोना, नुसता पांढरेपणा बघून विषाणूचं नाव ठामपणे सांगता येत नाही. ते नाक-घशातल्या नमुन्याची तपासणी सांगते.

एक्स-रेची एक अडचण आहे. एक्स-रे म्हणजे शेवटी सावलीच. हृदय, बरगड्या, फुप्फुसं, सगळी एकाच भिंतीवर एकमेकांवर पडलेली. हृदयामागे लपलेला छोटा डाग निसटू शकतो. कांदा आतून कसा आहे ते बघायचं तर आपण काय करतो? चकत्या करतो. माणसाच्या चकत्या करायच्या, पण सुरी न लावता, ही युक्ती ज्यानं यंत्रात आणली तो गडी इंग्लंडमधल्या एका शेतावर वाढला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड त्याचं नाव. लहानपणी हा पोरगा घरी बनवलेले पंख लावून गवताच्या गंजीवरून उड्या मारायचा. (कडब्याच्या गंजीकडे बघू नका, हात-पाय मोडायचे.) त्यानं छातीभोवती, डोक्याभोवती चारी बाजूंनी सावल्या घेतल्या आणि त्यांवरून आत कुठे काय आहे ते संगणकाला मांडायला लावलं. प्रयोगशाळेतल्या पहिल्या चित्राला तब्बल ९ दिवस लागले होते! १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचं डोकं असं तपासलं गेलं. हेच सीटी स्कॅन, आणि एचआरसीटी हा त्याचाच एक प्रकार. त्याबद्दल १९७९ चं नोबेल त्याला ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळालं. सीटीत प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो आणि त्या मोजमापाला नाव त्याचंच आहे. पाण्याला ० हाउन्सफील्ड, हवेला उणे १०००.

कोरोना झालेल्या फुप्फुसाच्या चकतीत काय दिसायचं, ते सांगायला डॉक्टर ‘घासलेली काच’ असा शब्द वापरतात, म्हणजे आपली न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच. मला मात्र डिसेंबरातलं तुरीचं रान आठवतं. सकाळी धुई पडली की तुरीच्या ओळी दिसतात, पण पुसट. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही त्या पांढुरक्या पडद्यातून अशाच दिसतात. धुई आणखी दाटली की ओळी गडप, नुसतं पांढरं. फुप्फुसातही तसं झालं तर समजायचं की फुगे पुरते भरलेत.

आता गुणांकडे येऊ. गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो ना? तो एकेक ताट मोजत बसत नाही. बांधावर उभा राहून अंदाज घेतो, या शेतात चार आणे नुकसान, त्या शेतात बारा आणे. सीटी वाचणारे डॉक्टर तेच करतात. फुप्फुसांची शेतं पाच. उजवीकडे तीन खंड, डावीकडे दोनच, कारण डावीकडे हृदयानं जागा अडवलीय. खंड साफ असला तर शून्य. शंभरात पाच भागांपेक्षा कमी बिघडला तर १, पाव भागापर्यंत २, निम्म्याच्या आत ३, पाऊण भागापर्यंत ४, त्याहून जास्त तर ५. पाच खंडांचे मिळून जास्तीत जास्त २५. बहुतेक ठिकाणी ७ पर्यंत सौम्य, ८ ते १७ मध्यम आणि १८ पासून पुढे गंभीर असं धरायचे. हे गुण हुशारीचे नाहीत, नुकसानीचे! आजीच्या डोळ्यांत पाणी का आलं ते कळलं ना?

पण मला विचाराल तर त्या वर्षी या आकड्याला आपण जरा जास्तच मान दिला. बघा ना, उजवीकडचा मधला खंड सगळ्यांत लहान, तरी त्यालाही पाचच गुण आणि मोठ्या खंडालाही पाचच. दोन गुंठे आणि दोन एकर एकाच मापात! शिवाय अंदाज नजरेचा, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या आकड्यांत एखाद्या गुणाचा फरक पडू शकतो. आजार नवा असेल, पहिल्या दोन-तीन दिवसांतला, तर विषाणू अंगात असूनही स्कॅन साफ येऊ शकतं. म्हणून शहाणे डॉक्टर स्कोरच्या आधी रुग्णाकडे बघायचे. तो मिनिटाला किती श्वास घेतोय, बोटाला लावलेल्या चिमट्यात ऑक्सिजन किती, आणि ६ मिनिटं चालल्यावर तो खाली घसरतो का.

सीटीत किरणांचा माराही एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त असतो. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेनं लगेच सांगितलं, हा आकडा जुना झाला, नव्या यंत्रांत मारा खूप कमी असतो. मोठी माणसंही आकड्यांवरून भांडतात. पण साध्या सर्दी-तापासाठी सीटीकडे धावायचं नाही, हे डॉ. गुलेरियांचं म्हणणं बरोबरच होतं.

आणि धावायचं म्हटलं तरी कुठे? सीटीसाठी बिदर, उदगीर, लातूर असं एखादं शहर गाठायचं, आणि टाळेबंदीनं रस्ते बंद! तेव्हा २०२१ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेशी जोडलेल्या आर्टपार्कनं निरामै या कंपनीसोबत ‘एक्सरे-सेतू’ काढला. गावच्या डॉक्टरनं साध्या एक्स-रेचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर धाडायचा. काही मिनिटांत संगणक संशयाच्या जागा रंगवून परत पाठवणार. फोटो थोडा अंधुक असला तरी चालेल, हे आधीच धरून तो बनवला होता. पुढचं ठरवायचं मात्र डॉक्टरनंच.

तुमच्या घरातही कपाटावर, गाद्यांखाली एक्स-रेची एखादी मोठी पिवळी किंवा खाकी पिशवी असेल. छातीचा असेल तर मोठ्यांना विचारून, कडेला धरून बाहेर काढा आणि खिडकीच्या उजेडात बघा. तो माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं, म्हणजे त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येईल. मधला पांढरा फुगवटा म्हणजे हृदय, आणि ते त्याच्या डावीकडे झुकलेलं दिसायला हवं. उजवीकडे झुकलेलं दिसलं तर आजीला हाका मारू नका. आधी फिल्म उलटी धरलीय का ते बघा.