मासा घरात का जात नाही?

वारणानगरच्या मुलांना वारणेतले मासे ओळखीचे असतात. समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे. म्हणून आम्ही तिघा शिक्षकांनी एकाच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशची जोडी आणली, आणि समुद्रफूलही, म्हणजे सी ॲनिमोन. ‘फाइंडिंग नेमो’ (२००३) पाहिलेल्या मुलांची खात्री होती, की मासे लगेच त्यात शिरतील. खरे तर आमचीही होती. पण मासे पंपाच्या कोपऱ्यातून हलेनात. “सर, मासा स्वतःच्या घरात का जात नाही?”

समुद्रफूल हे फूल नव्हे. तो जेलीफिश व प्रवाळ यांच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. त्याच्या बोटांसारख्या संस्पर्शकांवर असंख्य दंशपेशी असतात. स्पर्श होताच पेशीतला गुंडाळलेला सूक्ष्म धागा सुटतो आणि भक्ष्याला विष टोचतो. क्लाउनफिश वाचतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे, म्हणजे श्लेष्मामुळे. इतर माशांच्या श्लेष्मातील सियालिक आम्ल दंशपेशींना चेतवते. क्लाउनफिशच्या श्लेष्मात ते फार कमी असते, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तरीही मासा एकदम आत उडी घेत नाही. तो हळूहळू सलगी करतो, हे डेव्हनपोर्ट व नॉरिस यांनी १९५८ सालीच नोंदवले होते.

शिवाय घरही आवडीचे हवे. क्लाउनफिशच्या सुमारे ३० जाती आहेत, आणि समुद्रफुलांच्या हजारांवर जातींपैकी जेमतेम १० जाती त्यांना आसरा देतात. बाजारात सहज मिळणारे, टोकाशी फुगीर संस्पर्शकांचे समुद्रफूल टाकीत तग धरते. पण आमच्या माशाच्या जातीचे समुद्रातले ते नेहमीचे घर नव्हे. त्यातून आमची जोडी उबवणी केंद्रातली. समुद्रात मादी समुद्रफुलाच्या बुडाशी अंडी घालते, त्यामुळे त्याचा वास पिलांच्या ओळखीचा असतो. टाकीत जन्मलेल्या पिलाला ही ओळख कुठून असणार?

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमचे पहिले समुद्रफूल मेले. टाकी जेमतेम दोन महिन्यांची होती आणि आम्हाला घाई होती. ते आक्रसले, तोंड उघडे पडले, आणि आम्ही ते वेळीच बाहेर न काढल्यामुळे पाण्यात अमोनिया वाढला. मासे कसेबसे वाचले. समुद्रफूल अनेक दशके जगू शकते, हे मुलांना सांगताना आम्हाला अवघड झाले.

दुसरे आणले ते आठ महिन्यांनी. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ (स्वयंपाकाचे चालत नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे त्या प्रमाणात नसते), विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ ते २६ अंश. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोडे पाणी घालून भरायचे. मीठ उडून जात नाही, हे सातवीतल्या मुलानेच आम्हाला सांगितले. समुद्रफुलाच्या शरीरातील शैवाल प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवते, म्हणून दिवाही प्रखर हवा. ते जागा बदलत फिरते, तेव्हा पंपाच्या तोंडावर स्पंज बसवला. वीज गेली की बॅटरीवरचा हवापंप चालू.

मग माशांची पाळी. जाळीने त्यांना समुद्रफुलावर ढकलण्याचा मोह आम्ही टाळला. घाबरलेला मासा तिकडे आणखी फिरकत नाही. पंप दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, म्हणजे त्यांचा जुना आसरा मोडला. खाद्य समुद्रफुलाजवळ सोडू लागलो. दोनदा भोके पाडलेली प्लॅस्टिकची बरणी उपडी करून मासे व समुद्रफूल काही तास एकत्र ठेवले.

मुलांच्या वहीत ३४व्या दिवशी नोंद आहे: ‘मोठ्या माशाने शेपटी लावली, पळाला.’ मोठा मासा म्हणजे मादी; सगळे क्लाउनफिश आधी नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. ४१व्या दिवशी रात्री दिवा मालवल्यावर टॉर्चच्या उजेडात ती संस्पर्शकांत झोपलेली दिसली. नर आणखी नऊ दिवस काठावरच होता.