टायरमध्ये रुतलेला खिळा : घाई नको, दक्षता हवी

पायात काटा रुतला की तो तत्काळ काढावा, हे सर्वांनाच ठाऊक आहे. मोटारीच्या टायरला मात्र हा न्याय लागू पडत नाही. रुतलेला खिळा किंवा स्क्रू हाच पुष्कळदा त्या छिद्राचे बूच झालेला असतो. तो वाटेतच उपटल्यास जी हवा तासन्‌तास टिकली असती, ती काही क्षणांत निघून जाते.

आजच्या बहुतेक मोटारींना ट्यूबलेस टायर असतात. या टायरच्या आतील बाजूस हवा रोखून धरणारा रबराचा थर असतो. खिळा आत शिरला तरी सभोवतालचे रबर त्याला आवळून धरते व हवा सावकाश सुटते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये मात्र ट्यूबला छिद्र पडताच हवा वेगाने निघून जाते. अशा वेळी गाडी थांबविण्यावाचून गत्यंतर नसते.

खिळा आढळल्यास प्रथम हवेचा दाब तपासावा. तो योग्य असेल तर कमी वेगाने जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे. दाब बराच उतरला असेल तर गाडी पुढे नेऊ नये. हवा कमी असलेल्या टायरची बाजू सतत दुमडते, तापते व आतील धागे तुटतात. असा टायर पुन्हा हवा भरल्यावर वरकरणी धडधाकट दिसतो, परंतु पुढे वेगात असताना फुटण्याचा धोका राहतो. गोव्याहून बेळगावकडे चोर्ला किंवा अनमोड घाटाने जाणाऱ्यांनी ही तपासणी घाट चढण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर.

स्टेपनी चढविताना गाडी सपाट व टणक जागी रस्त्याच्या कडेला घ्यावी, हातब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकाला दगडाची उटी लावावी आणि मागे धोक्याचा त्रिकोण ठेवावा. नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. जॅकवरील गाडीखाली कोणीही शिरू नये.

दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. छिद्र टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तरच ते बुजवावे. बाजूच्या भिंतीला छिद्र पडल्यास टायर बदलणेच योग्य. बाहेरून रबरी वात घालणे ही तात्पुरती सोय होय. टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, छिद्र भरून वर ठिगळ लावणे ही टिकाऊ दुरुस्ती होय.

२०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच व दाबदर्शक यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती नाही. म्हणून आपल्या गाडीत स्टेपनी आहे की केवळ संच, हे प्रवासापूर्वीच पाहून घ्यावे. स्टेपनीतील हवाही महिन्यातून एकदा तपासावी.

हे संकट टाळणे काही अंशी ग्रामस्थांच्याही हाती आहे. मंडप सोडल्यावर किंवा घराचे छप्पर उतरविल्यावर पडलेले खिळे वेचून डब्यात भरावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही सवय लावल्यास रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा प्रवास अधिक निर्धोक होईल.