मंदीतला संप

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत घाम गाळलेल्या शिरगावकराला संप म्हणजे काय, हे सांगायला नको. काम थांबले की मालकाचे नुकसान होते, म्हणून तो बोलणी करतो. पण धंदाच बुडू लागला तर? जेट एअरवेजच्या वैमानिकांनी मुंबईत हे दोन्ही प्रसंग पाहिले.

सप्टेंबर २००९. जागतिक मंदीचे दिवस. संघटना उभारण्यात पुढे असलेल्या दोघा वैमानिकांना कंपनीने काढले, तेव्हा शेकडो वैमानिक एकदम ‘आजारी’ पडले! चार-पाच दिवस उड्डाणे अडली आणि काढलेल्यांना परत घ्यावे लागले. कंपनीजवळ गमावण्यासारखे काही होते, म्हणून हत्यार चालले.

२०१९ साली पगार थकले. ‘१ एप्रिलपासून उडणार नाही,’ असे संघटनेने ठरवले; मग तारीख १५ झाली, आणि तीही पुढे गेली. कारण उघड आहे. भाडे थकल्याने बहुतेक विमाने आधीच जमिनीवर होती. पैशाची किल्ली मालकाकडे नव्हे, बँकांकडे गेली होती. मग संप करायचा कुणाविरुद्ध? १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेले विमान अखेरचे ठरले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा हुकूम दिला.

तेव्हा मंदीत संघटनेने बोलणी लवकर सुरू करावीत. पहिला पगार चुकताच हिशेब पाहायला मागावा. कपात मान्य केली, तर ती किती महिने, हे लिहून घ्यावे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.