बुधवार मात्र एकच

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेच्या वेशीबाहेर येऊन उतरले. इंग्रज वखारीच्या हिशेबाने तो दिवस ६ जानेवारी, त्याच शहरातल्या डचांच्या हिशेबाने १६ जानेवारी. चूक कोणाचीच नाही. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या पाठोपाठ १५ ऑक्टोबर आणून दहा तारखा गाळल्या. पोर्तुगालने ही सुधारणा त्याच वर्षी स्वीकारली, हॉलंडने लगोलग. प्रॉटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेलाच धरून राहिले. त्यात इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून सुरतेची ती लूट त्यांच्या लेखी १६६३ सालात पडते. सावध कारकून १६६३/४ असे जोडसाल लिहीत. जिथे ते लिहिलेले नाही, तिथे बेसावध अभ्यासक अख्खे एक वर्ष चुकतो. या साऱ्या गोंधळात वार तेवढा अभंग राहिला. गुरुवारनंतर शुक्रवारच आला, आणि सुरतेचा तो दिवस दोन्ही गणनांनी बुधवारच ठरतो. जुन्या कागदाची मिती लावताना मी म्हणूनच तारखेआधी वार पाहावा असे म्हणेन.

पण वारही डोळे मिटून घेता येत नाही. जेधे शकावलीत राज्याभिषेकाची नोंद ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असताना, अशी आहे. आपण साजरी करतो ती त्रयोदशी, आणि ६ जून १६७४ ला येतो शनिवार. वरवर पाहता हा विरोध वाटतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून चालतो, युरोपीय तारीख मध्यरात्री पालटते, हे ध्यानात घेतले की पहाटेची ती वेळ एकाच्या शुक्रवारात आणि दुसऱ्याच्या शनिवारात बसते. शकावलीकाराने घटका नोंदवल्या नसत्या, तर हा उलगडा इतक्या निश्चितपणे झाला नसता. त्या अनाम लेखकाचे ऋण मोठे आहे.

मग सगळ्या तारखा एकदाच ग्रेगरियन करून का छापू नयेत, असे विचारले जाते. दहा दिवस मिळवायचे, एवढेच ना? पण १७०० च्या फेब्रुवारीनंतर ते दहाचे अकरा होतात. त्याहून मोठा धोका असा की, छापील पुस्तकातली तारीख आधीच बदललेली आहे की नाही हे कळत नाही, आणि पुढचा अभ्यासक तिच्यात पुन्हा दहा मिळवतो. शिवाय बदललेली तारीख घेऊन इंग्रजी पत्रव्यवहार चाळणाऱ्याला त्या दिवसाचे पत्र सापडणारच नाही. म्हणून मूळ मिती, वार आणि साल कागदात आहे तसे आधी द्यावे, रूपांतर शेजारी, आणि ते कोणत्या गणनेचे हे स्पष्ट लिहावे. यात पानावर जागा जास्त जाते, हा आक्षेप खरा आहे. ती जाऊ द्यावी.

शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीदेखील ज्युलियन तारीख आहे. ग्रेगरियन गणनेने फाल्गुन वद्य तृतीयेचा तो शुक्रवार १ मार्चला येतो. याचा अर्थ उत्सव हलवावा असा मुळीच नाही. उत्सवाची तारीख समाज ठरवतो आणि ती रूढ झाली की पुरे. संशोधनाच्या तळटीपेत मात्र १९ फेब्रुवारीपुढे ‘जुनी गणना’ हे दोन शब्द हवेत, आणि त्याआधी ती तृतीया व तो शुक्रवार.